आघातानंतर कुटुंबाचे सावरणे

महापूर, दरड, अपघात किंवा घरातल्या माणसाचा अवचित मृत्यू अशा घटनेनंतर एकाच घरातील माणसे निरनिराळ्या रीतीने आणि वेगाने सावरतात. ‘तिनं धसका घेतला’, ‘त्यानं मनावर दगड ठेवला’, ‘म्हाताऱ्यानं हाय खाल्ली’ असे बोलीत माणसागणिक वेगळे शब्द आहेत, आणि हे निरीक्षण अचूक आहे.

सांगली जिल्ह्यात हा विषय कृष्णेच्या पुराशी जोडलेला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. २००५, २०१९ आणि २०२१ असे तिन्ही पूर सोसलेली घरे नदीकाठी आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे जुलै २०२१ मध्ये दरडींखाली घरे गाडली गेली.

पाणी ओसरलेल्या घरात हा फरक उघड दिसतो. कर्ता माणूस फावडे घेऊन गाळ ओढू लागतो, पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरतो, रात्री मात्र ओट्यावर जागा असतो. त्याची बायको ट्रंकेतल्या भिजलेल्या साड्या एकेक करून दोरीवर टाकते आणि लग्नातल्या शालूपाशी थांबते. गाळाने तो पापडासारखा कडक झालेला असतो. आजी रिकाम्या गोठ्यात दावे हातात घेऊन बसते आणि म्हैस कशी सोडून दिली, ते येईल त्याला सांगते. नातू बादलीत होड्या बुडवण्याचा खेळ खेळतो, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते. थोरली मुलगी तक्रारीचा एक शब्द न काढता सगळ्यांचे करत राहते. म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

‘तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?’ आणि ‘रडून काय परत येणार आहे?’ या दोन वाक्यांनी अशा घरात तडा जातो. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली उपपत्ती इथे उपयोगी पडते. शोकात माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या व्यवहाराकडे आळीपाळीने वळतो, असे ती सांगते. घरातल्या सगळ्यांची ही पाळी एकाच वेळी येत नाही. काम करणाऱ्याला दुःख नाही, हा समज सर्वांत घातक. पत्रे चढले, अनुदान जमा झाले, हातचे काम संपले, की तोच माणूस काही महिन्यांनी ढासळू शकतो. तोवर विचारपूस करणारे आपापल्या घरी गेलेले असतात.

पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे, पावसाच्या आवाजाने छातीत धडधडणे हे सर्रास आढळते आणि बहुतेकांत हळूहळू ओसरते. महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिला, त्या जागेकडे पाऊल वळेना, रोजचे काम अडू लागले, तर तो आघातोत्तर ताण विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये त्याला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. दारू वाढणे आणि जगण्यात अर्थ नसल्याची भाषा या गोष्टींसाठी मात्र महिनाभर थांबू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला मिळतो.

घडलेले सगळे लगेच वदवून घेतल्याने मन मोकळे होते, असे मानण्याची रीत आहे. संशोधनाचा कौल तसा नाही. बळेबळे बोलते केल्याने काहींचा त्रास वाढतो. भेटायला येणारे मायेनेच विचारतात, पण दहाव्यांदा तेच सांगणाऱ्या बाईची दमछाक त्यांना दिसत नाही. तिला बोलायचे असेल तेव्हा शेजारी बसणारे माणूस हवे, आणि नसेल तेव्हा चहा करून देणारे.

दर पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की एक जण मोबाइलवर फूट मोजत बसतो, दुसरी धान्याची पोती माळ्यावर चढवायला लावते, तिसरा टीव्ही बंद करतो. रंगकामाच्या वेळी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवरूनही वाद होतो. काही घरांत सगळी भिंत रंगवून चौकटीशेजारी वीतभर रेघ तशीच सोडलेली असते.