कोविड न्यूमोनिया: विषाणू ओसरू लागल्यावरही फुप्फुस का बिघडत जातं?

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत विकले जाणारे काढे आणि गोळ्या एकाच समजावर खपतात: न्यूमोनियात माणूस दगावतो तो प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे. गंभीर कोविडमध्ये बऱ्याचदा घात करतो तो वेळेवर न थांबलेला प्रतिकार.

वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशवीत) हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एक मायक्रोमीटरहून पातळ असतो. तिथे सूज परवडतच नाही. म्हणून तिथल्या रहिवासी मॅक्रोफेज पेशी धूळ, जंतू, जुनं सरफॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध थर) गिळतात, तेही सहसा कुमक न मागवता. ब्राँकोस्कोपमधून (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून) फुप्फुसाच्या एका भागात १०० ते ३०० मिलिलिटर सलाईन टप्प्याटप्प्याने सोडून परत ओढलं, तर निरोगी माणसात त्यातल्या दहापैकी आठाहून जास्त पेशी मॅक्रोफेजच निघतात. न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) जेमतेम ३ टक्के.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी श्वसन निकामी झालेल्या ८८ कोविड रुग्णांच्या फुप्फुसातला असाच द्रव तपासला. निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. बहुतेकांच्या वायुकोशांत टी पेशी (लागण झालेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि मोनोसाइट (रक्तातून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) ठाण मांडून होते. त्यावरून त्यांनी मांडलेलं चक्र असं: विषाणू मॅक्रोफेजमध्ये शिरतो. ती मॅक्रोफेज केमोकाइन (इतर पेशींना बोलावणारी रसायनं) सोडून टी पेशींना बोलावते. टी पेशी तिच्या पृष्ठभागावरचे विषाणूचे तुकडे ओळखून इंटरफेरॉन गॅमा हे चेतवणारं रसायन सोडतात. त्याने मॅक्रोफेज आणखी चेतते, आणखी केमोकाइन सोडते, आणखी टी पेशी येतात. मंडपातला माइक स्पीकरसमोर आला की आवाज स्वतःलाच वाढवत जातो, तसंच हे. सोबत आलेल्या मोनोसाइटपासून नव्या मॅक्रोफेज बनतात. त्या रहिवाशांपेक्षा जास्त दाहक असतात आणि त्यांनाही लागण होऊ शकते. सरफॅक्टंट बनवणाऱ्या पेशी मरतात, केशवाहिन्या पाझरतात, वायुकोश द्रवाने भरतात.

‘सायटोकाइन वादळ’ (दाह पेटवणाऱ्या रसायनांचा रक्तात आलेला पूर) हा शब्द बातम्यांत फार गाजला. प्रत्यक्षात गंभीर कोविड रुग्णांच्या रक्तातलं इंटरल्युकिन-६ (असंच एक रसायन) इतर कारणांनी होणाऱ्या सेप्सिसपेक्षा (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्यापेक्षा) बरंच कमी आढळलं. बिघाड मुख्यतः फुप्फुसात, आणि तो दिवसेंदिवस धुमसणारा.

डेक्सामेथासोन (दाह शमवणारं स्टेरॉइड) हे चक्र मंदावतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा २८ दिवसांतला मृत्युदर ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आला. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. उलट मृत्युदर १४ ऐवजी १७.८ टक्के होता. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण लवकर स्टेरॉइड देण्याच्या बाजूने तो नक्कीच बोलत नाही. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, टी पेशींची तेव्हा गरज असते.

२०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) रुग्ण वाढले, त्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणं होती. स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते आणि बुरशी मारणाऱ्या न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज दुबळ्या पडतात. म्हणून स्टेरॉइड देताना ऑक्सिजनची पातळी, लक्षणांचा कितवा दिवस आणि साखर, तिन्ही पाहावंच लागतं.