पॅकेजिंग, लिनक्समधील : कॉन्फिगरेशन फायली आणि सेवांचे अवलंबित्व

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर 'पॅकेज' नावाच्या गठ्ठ्यातून बसवतात. त्यातून आलेल्या बहुतेक फायली पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मालकीच्या असतात. नवी आवृत्ती आली की जुन्या काढून नव्या बसवल्या जातात, कोणाला विचारावे लागत नाही. 'एटसी' डिरेक्टरीतल्या कॉन्फिगरेशन (सेटिंग्जच्या) फायली याला अपवाद आहेत. त्या येतात पॅकेजबरोबर, पण पुढे त्यांत मशीन सांभाळणारा ॲडमिन हात घालतो. अपग्रेडमध्ये त्याचे बदल पुसले गेले, तर डेबियन या लिनक्स वितरणाच्या नियमांनुसार तो पॅकेजचा दोष ठरतो.

डेबियनमध्ये अशा फाइलला 'कॉन्फफाइल' म्हणतात. डेबियनचा पॅकेज मॅनेजर डीपीकेजी पॅकेजमधल्या मूळ फाइलचा एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) नोंदवून ठेवतो आणि अपग्रेडच्या वेळी जुनी मूळ प्रत, डिस्कवरची प्रत आणि नवी प्रत ताडून पाहतो. ॲडमिनने काही बदलले नसेल, तर नवी फाइल गुपचूप बसते. फक्त त्यानेच बदल केले असतील, तर त्याची फाइल तशीच राहते. दोन्हीकडून बदल झाले असतील तरच प्रश्न येतो. नुसते एंटर दाबल्यास जुनी फाइल टिकते आणि नवी 'डीपीकेजी-डिस्ट' हे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. आरपीएम हा दुसरा पॅकेज मॅनेजर मात्र विचारत बसत नाही. पॅकेज कसे बनवायचे ते सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये 'नोरिप्लेस' लिहिले असेल, तर नवी प्रत 'आरपीएमन्यू' नावाने बाजूला पडते. नुसतेच 'कॉन्फिग' असेल, तर नवी फाइल बसते आणि ॲडमिनची 'आरपीएमसेव्ह' होते.

पॅकेज बनवणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्टमधून 'सेड' ही मजकूर बदलणारी आज्ञा चालवून कॉन्फफाइलमध्ये होस्टनेम (मशीनचे नाव) वगैरे भरणे. मग हॅश जुळत नाही, डीपीकेजीला तो बदल ॲडमिनचा वाटतो, आणि ज्याने ती फाइल कधी उघडलीही नाही त्याच्यासमोर, पुढच्या अपग्रेडमध्ये ती फाइल बदलली असेल तर, प्रश्न उभा राहतो. स्क्रिप्टने घडवायची फाइल कॉन्फफाइल म्हणून नोंदवूच नये. ती 'यूसीएफ'कडे, म्हणजे अशा फायलींतले ॲडमिनचे बदल जपणाऱ्या साधनाकडे, सोपवावी.

सेवांच्या, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत गोंधळ होतो तो 'डिपेंड्स' या शब्दामुळे. पॅकेजचे अवलंबित्व एवढेच सांगते, की दुसरे पॅकेज याच मशीनवर बसवलेले आणि कॉन्फिगर झालेले हवे. त्याची सेवा चालू आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. वेब ॲप्लिकेशनचा डेटाबेस दुसऱ्याच मशीनवर असू शकतो. अशा वेळी डेटाबेस सर्व्हर 'डिपेंड्स'मध्ये घालणे म्हणजे नको असलेला पाहुणा घरात घेणे. तिथे 'रेकमेंड्स' किंवा 'सजेस्ट्स' ही सक्ती नसलेली शिफारस पुरते.

सेवा चालू करण्याचे नाते सिस्टमडीच्या, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, युनिट फाइलमध्ये लिहितात; प्रत्येक सेवेची अशी एक फाइल असते. तिथेही गरज आणि क्रम या गोष्टी वेगळ्या आहेत. 'रिक्वायर्स' (गरज) लिहिले आणि 'आफ्टर' (क्रम) विसरले, तर दोन्ही सेवा एकदमच सुरू होतात. 'आफ्टर' असूनही, डेटाबेसचे युनिट 'सिंपल' प्रकारचे असेल तर प्रोसेस जन्मली की सिस्टमडी पुढे सरकतो. डेटाबेस जोडणी घेण्यास तयार झालेला असेलच असे नाही. 'नोटिफाय' प्रकारात सेवा तयार झाल्याचे स्वतः कळवते.

डेटाबेस त्याच मशीनवर असेल, तर हा क्रम ॲडमिन स्वतः जोडू शकतो. पॅकेजची युनिट फाइल 'यूएसआर'खाली असते. तिला हात न लावता 'सिस्टमसीटीएल एडिट'ने 'एटसी'खाली ड्रॉप-इन (मूळ युनिटला जोडली जाणारी छोटी फाइल) बनवून त्यात 'आफ्टर'ची ओळ घालतात. अपग्रेडमध्ये मूळ युनिट बदलते आणि ड्रॉप-इन जागच्या जागी राहते. त्यामुळे डीपीकेजीला काही विचारण्याची वेळच येत नाही.