निळ्या एलईडीखालचे कोरल आणि पांढऱ्या उजेडावर वाढलेला कॅमेरा

रात्री रीफ टँकवर, म्हणजे कोरल वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, फक्त निळे एलईडी चालू असताना झोआंथस या कोरलच्या जातकुळीतल्या जिवाचे केशरी तोंड आणि त्याभोवतीची हिरवी झालर डोळ्यांना स्वच्छ दिसते. त्याच क्षणी काढलेला फोटो मात्र अख्खा टँक निळीत बुचकळून काढल्यासारखा येतो. महागडा कॅमेराही हेच करतो. फोटोग्राफीतली रंगदुरुस्तीची बहुतेक साधने पांढऱ्या उजेडासाठी घडली, आणि टँकवरचा उजेड मात्र पांढऱ्यापासून दूर सरकत गेला. आजची सगळी अडचण या दोन प्रवासांच्या फारकतीतून आली आहे.

रीफवाल्यांच्या तोंडी रुळलेला ‘ॲक्टिनिक’ हा शब्द मुळात फोटोग्राफीचाच. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांवर परिणाम व्हायचा तो निळ्या-जांभळ्या उजेडाचा, म्हणून त्या उजेडाला ॲक्टिनिक म्हणत. त्या प्लेटांवर लाल कापड काळे आणि निळे आकाश पांढरेफट्ट उमटे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्या भागाची जाण आणून दिली, तिथून पुढे ही उणीव भरत गेली. ४२० नॅनोमीटरच्या आसपास उजेड देणाऱ्या ॲक्टिनिक ट्यूबही डायझो छपाईसारख्या कामांसाठी होत्या. आपल्याकडे आर्किटेक्टच्या ऑफिसात जिला अमोनिया प्रिंट म्हणत, तीच ही छपाई. पुढे त्या ट्यूब मेटल हॅलाइड या एलईडीपूर्वीच्या प्रखर दिव्यांच्या जोडीला टँकवर आल्या.

हॅलाइडच्या काळात फोटो काढणे तुलनेने सोपे होते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. डेलाइट फिल्म ५,५०० केल्विनसाठी बनवलेली आणि दिवा १०,००० केल्विनचा. १० लाखाला केल्विनने भागले की मिरेड हे फिल्टरच्या हिशोबाचे माप मिळते: फिल्मचा १८२, दिव्याचा १००, फरक ८२. रॅटन या फोटो-फिल्टरांच्या मालिकेतला ८५सी हा अंबर फिल्टर ८१ मिरेडची दुरुस्ती करतो, म्हणजे हिशोब जवळजवळ तंतोतंत. २०,००० केल्विनच्या दिव्याला फरक १३२ चा, त्याला १३१ चा ८५बी. अर्थात हे कागदावर. दिव्यावर छापलेला केल्विनचा आकडा ढोबळ असे आणि दिवा जुना होताना रंगही बदलत असे. तरी त्या उजेडात हिरवा आणि लाल भाग थोडाफार शिल्लक होता, म्हणून दुरुस्तीला काहीतरी हाताशी लागायचे.

१९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत प्रखर निळा एलईडी तयार केला. इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना त्यासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. टँकसाठी एलईडी दिवे विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर काही वर्षांनी आले आणि पुढच्या दशकात हॅलाइड मागे पडले. रॉयल ब्लू एलईडीचा उजेड ४५० नॅनोमीटरभोवतीच्या जेमतेम वीसेक नॅनोमीटरच्या पट्ट्यात एकवटलेला असतो. त्यात लाल जवळपास नसतोच.

मग केशरी दिसते कुठून? कोरलमधली काही प्रथिने निळा उजेड शोषून त्याहून लांब तरंगलांबीचा उजेड स्वतः बाहेर टाकतात. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआच्या मत्स्यालयात रने कॅताला यांनी १९५० च्या दशकात अशी चमकणारी कोरल लोकांना दाखवली. १९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांना जेलीफिशमध्ये हिरवे प्रथिन सापडले, आणि १९९९ मध्ये डिस्कोसोमा या मश्रूम कोरलमधले लाल प्रथिन शास्त्रज्ञांनी वेगळे केले. त्यासाठीचा नमुना समुद्रातून नव्हे, मॉस्कोतल्या हौशी टँकमधून आला होता. छंदाने शास्त्राला दिलेली ही भेट फार मोलाची आहे.

आता कॅमेरा. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगदुरुस्ती. तिची केल्विनपट्टी तापलेल्या वस्तूच्या रंगांवर आखलेली आहे. तापमान कितीही चढवले तरी ती वाट फिकट आकाशी निळ्यापाशी संपते; रॉयल ब्लू तिच्या वाटेवर येतच नाही. म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांतली १०,००० ची मर्यादा काय किंवा लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली ५०,००० ची काय, दोन्ही अपुऱ्याच. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांवर निळ्या उजेडात पांढऱ्या वस्तूवरून व्हाइट बॅलन्सचे प्रीसेट घ्यायला गेले की ‘नो जीडी’ (नो गुड, म्हणजे जमले नाही) ही अक्षरे लुकलुकतात, ती यामुळेच.

सेन्सरचीही अडचण आहे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांचे पेटंट १९७६ चे. त्या रचनेत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. निळ्या टँकसमोर पाव पिक्सेल ओसंडून वाहतात आणि बाकीचे उपाशी राहतात. कॅमेऱ्याचा मीटर सरासरी पाहून एक्स्पोजर वाढवतो, निळा चॅनेल फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला अडकतो, आणि फुटलेल्या जागचा पोत रॉ फाइलमधूनही (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतूनही) परत मिळत नाही. रंग ताडून पाहायचे २४ चौकोनांचे कलरचेकर कार्डही १९७६ चेच. नुसत्या निळ्या उजेडात त्याचा लाल चौकोन काळाच दिसतो, कारण परत पाठवायला लाल उजेडच नाही.

म्हणून दुरुस्ती सेन्सरच्या आधी, भिंगासमोर करावी लागते. ५०० नॅनोमीटरच्या अलीकडचा उजेड अडवणारा पिवळा फिल्टर, रॅटन १२ किंवा त्याहून गडद १५, एलईडीचा निळा थोपवतो आणि कोरलचा स्वतःचा उजेड आत सोडतो. मोबाइलच्या क्लिपवाल्या पिवळ्या-केशरी भिंगांचे तत्त्व तेच. मालवणला डायव्हिंग करताना वापरतात तो लाल फिल्टर इथे कामाचा नाही. तिथे सूर्याच्या उजेडातला लाल पाण्याने कमी केलेला असतो, इथे तो मुळातच नसतो, आणि लाल फिल्टर हिरवी चमकही गिळतो. पिवळ्याची किंमतही मोजावी लागते. ४८५ नॅनोमीटरच्या आसपास चमकणारे आकाशी कोरल आणि निळे ॲक्रोपोरा काळपट पडतात, तेव्हा त्यांच्यासाठी फिकट फिल्टर घ्यावा.

व्हाइट बॅलन्स फिल्टरमधूनच घ्यायचा. फिकट फिल्टरला तो बहुधा मिळतो. गडद फिल्टरला निळा जवळपास उरत नसल्याने तिथे सुधारणा रॉमध्ये हाताने करावी लागते. संदर्भासाठी साधा ए४ कागद नको. त्यात उजळपणासाठी घातलेले रसायन जांभळ्या एलईडीखाली स्वतःच चमकते आणि मोजणी चुकते. नळाची पांढरी टेफ्लॉन टेप रिकाम्या फ्रॅग प्लगवर (फ्रॅग म्हणजे कोरलचा तुकडा, प्लग ही त्याची बैठक) चार-पाच वेढे गुंडाळून कोरलशेजारी, त्याच खोलीवर ठेवली की काम होते. पंप पाच मिनिटे बंद ठेवावेत, खोलीतले दिवे मालवावेत, काच आतून-बाहेरून पुसावी आणि कॅमेरा काचेला अगदी काटकोनात धरावा. तिरका धरला की पाणी आणि काच मिळून कडांना रंगीत किनार आणतात. सुरुवात एफ/८, आयएसओ ४०० ते ८००, शटर १/१२५ अशी करावी. फोटोत आडवे पट्टे आले तर ते एलईडीच्या लुकलुकण्याचे. इलेक्ट्रॉनिक शटर सोडून मेकॅनिकल घ्यावे, वेग कमी करावा. निळ्याचा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, वेगळा पाहून तो उजव्या भिंतीला टेकणार नाही इतके, साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), एक्स्पोजर खाली आणावे.

इतके करूनही चमकदार हिरवे आणि आकाशी रंग १९९६ च्या एसआरजीबी या पडद्यावरच्या रंगांच्या चौकटीत पूर्ण बसत नाहीत. सॅच्युरेशन वाढवले की ते आणखी सपाट होतात. आणि ‘खरा रंग’ म्हणजे नक्की कुठला, हे फोटोसोबत सांगायलाच हवे, विशेषतः कोरल विकायला काढले असेल तर. त्याच फ्रॅगचा एक फोटो निळ्यात फिल्टरसह आणि दुसरा ६,५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात विनाफिल्टर द्यावा. खाली दिव्याचा प्रकार, त्यातल्या प्रत्येक रंगाच्या चॅनेलची टक्केवारी आणि फिल्टरचा क्रमांक लिहावा. पांढऱ्या उजेडातल्या फोटोत तपकिरी छटा दिसली तर ती बहुतेक वेळा कोरलच्या आत राहणाऱ्या झूझँथेली शेवाळाची असते, आणि घेणाऱ्याला तीही दिसली पाहिजे.