ग्राफिक्स कार्डाची पेस्ट वाळते की पळते?

लग्नसराई ओसरली की परभणी-नांदेडकडच्या व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांची मशिनं एकेक करून दुरुस्तीच्या दुकानात येतात. तक्रार ठरलेली: रेंडरला (म्हणजे मिक्स केलेला व्हिडिओ मशिनकडून अंतिम तयार करून घ्यायला) टाकलं की पंखे बोंबलतात आणि थोड्या वेळानं स्क्रीन काळी. निदानही ठरलेलं: "पेस्ट वाळली. नवी टाकून देतो, गार राहील." पेस्ट, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये लावतात तो लेप, बदलायची वेळ झालेली असते हे बऱ्याचदा खरं. पण पेस्ट काहीच गार करत नसते, आणि ग्राफिक्स कार्डात ती नुसती वाळून बिघडते असंही नाही. ती हळूहळू बाहेर ढकलली जाते. हे ढकलणं फार मजेशीर आहे, म्हणून हा लेख.

आधी ती लावतात कशाला ते पाहू. चिप आणि तिच्यावर बसणारा तांब्याचा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा ठोकळा), दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हीकडे उंचवटे आणि चर असतात. एकावर एक ठेवले तर थोड्याच ठिकाणी खरी गाठ पडते, बाकी जागेत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्व्हिनच्या आसपास, तांब्याची ४००च्या घरात. साधी चांगली पेस्ट ५च्या आगेमागे असते. म्हणजे तांब्यापुढे पेस्ट अगदीच मंद, पण हवेपेक्षा सुमारे दोनशे पट बरी. तिचं काम एकच, हवेला हाकलून तिची जागा घेणं.

हिशेब करूनच बघू. आरटीएक्स ३०८० या कार्डाची वीज ३२० वॅट आणि चिपचं क्षेत्रफळ ६२८ चौरस मिलिमीटर. मेमरी वगैरेचा वाटा सोडून २५० वॅट एकट्या चिपमध्ये खर्च होतात असं धरू. दर चौरस सेंटिमीटरला ४० वॅट झाले. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर तिथे हा आकडा ५ येतो. इस्त्रीच्या आठपट! आता मध्ये ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पेस्टचा थर आहे असं समजा. त्याच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक काढायचा तर उष्णतेचा प्रवाह गुणिले जाडी भागिले वाहकता. उत्तर येतं ४ अंश. त्याच जाडीची निव्वळ हवा असती तर साडेसातशेच्या वर गेलं असतं. अर्थात त्याच्या कितीतरी आधी कार्डानं स्वतःला बंद करून घेतलं असतं.

या सूत्रात जाडी वरती आहे, हे विसरू नका. दुप्पट वाहकतेची महागडी पेस्ट आणली तर ४चे २ अंश होतात. पण तीच पेस्ट घट्ट असल्यामुळे दाबाखाली नीट पसरली नाही आणि थर दुप्पट जाड राहिला, की फायदा शून्य. डब्यावरचे 'डायमंड', 'नॅनो' हे शब्द वाचून पैसे मोजणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा. टूथपेस्ट लावण्याचा सल्लाही इंटरनेटवर फिरतो. पहिल्या दिवशी ती चालतेसुद्धा, कारण तिच्यात पाणी आहे. पाणी उडालं की मागे खडूसारखी पूड उरते आणि हवा परत आत.

आता ढकलण्याकडे. तापमान एक अंशानं वाढलं की तांबं मीटरमागे १७ मायक्रॉन वाढतं, सिलिकॉन जेमतेम २.६. शिवाय चिप ज्या पातळ पाटीवर चिकटवलेली असते तीही जवळजवळ तांब्याइतकीच पसरते. कारखान्यात चिप आणि पाटी गरम असताना जोडली जातात. गार होताना पाटी जास्त आकसते, चिप कमी. त्यामुळे चिप मध्यभागी किंचित फुगीर होऊन बसते. रेंडर सुरू झालं, तापमान ४०वरून ८०वर गेलं, की हा फुगवटा थोडा सपाट होतो. रेंडर संपलं की परत वर. ही हालचाल मायक्रॉनांत मोजायची, पण पेस्टचा थरच मुळी काही दहा मायक्रॉनांचा! प्रत्येक वेळी फट बदलते, तेलासारखा भाग आणि त्यातली झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड कडेला सरकते. परतताना सगळी परत येत नाही. तिच्या जागी हवा शिरते. याला 'पंप-आउट' म्हणतात. प्रोसेसरवर बहुतेक वेळा धातूचं झाकण असतं. ग्राफिक्स कार्डात चिप उघडीच असल्यामुळे तिथे हा त्रास जास्त जाणवतो.

म्हणून दिवसभर एकाच तापमानाला चालणारं कार्ड पेस्टला तितकं छळत नाही, जितकं दर अर्ध्या तासानं तापणारं-निवणारं छळतं. दर थोड्या वेळानं लाइट जाणारी गावं या हिशेबात मागे नाहीत.

पेस्ट गेली हे ओळखायचं कसं? बऱ्याच कार्डांत चिपचं एक सरासरी तापमान आणि एक 'हॉटस्पॉट', म्हणजे सर्वांत तापलेल्या जागेचं, असे दोन आकडे दिसतात. फरक १०-१५ अंश असेल तर पेस्टला हात लावू नका. तो महिन्यागणिक वाढत २५-३०वर गेला असेल तर उघडा. दोन्ही आकडे सारखेच चढले असतील तर दोष बहुधा धुळीचा किंवा खोलीचा. खोली २५ची ४२ झाली की चिपही जवळजवळ तेवढीच, १७ अंशांनी चढते, आणि ४ अंशांची पेस्ट त्याला पुरी पडत नाही. खंडेनवमीला मशिनची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू पंख्यापासून लांब. हीटसिंकच्या पात्यांत ते काळ्या मातीच्या धुळीबरोबर बसतं. आणि कार्ड बंद पडतंय म्हणून कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी आधी ब्लोअर मारून पाहावा.

उघडलंच, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, उघड्या चिपवर नवी पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरा, स्क्रू तिरपे आलटूनपालटून आवळा. मेमरीच्या चिपांवरचे, उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ पॅड बदलायचे असतील तर आधी त्यांची जाडी मोजा. जाड पॅड बसला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही.

पंप-आउटवर खरा उपाय म्हणजे पेस्टऐवजी लावायची फेज-चेंज शीट. गार असताना ती घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चरांत शिरते, पण पातळ पेस्टसारखी कडेला वाहून जात नाही. पहिल्यांदा नीट तापेपर्यंत ती पुरती बसत नाही, म्हणून पहिल्या तासाचे आकडे बघून निराश होऊ नका. मे महिन्यात परभणीत लावणार असाल तर कापण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वरची फिल्म सोलताना शीट तिलाच चिकटून फाटते.