काहीच न करणारी आज्ञा

भाचीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघतच होतो. "मामा, ते इल्लीगल म्हणतंय. आपण चोरीचं सॉफ्टवेअर टाकलंय का रे?"

तिच्यासमोर पत्र्याचा एक बसका डबा होता. मी तो पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलला होता. कधीकाळी कुठल्यातरी कार्यालयात थिन क्लायंट, म्हणजे खरं काम दूरच्या सर्व्हरवर सोपवणारा संगणक, म्हणून राबलेला. पंखा नाही, हार्ड डिस्क नाही. आत एएमडीची जिओड एलएक्स ही चिप, वेग ५०० मेगाहर्ट्‌झ, मेमरी २५६ एमबी. मागच्या बाजूला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, आणि मी तो घेतला तो त्या पोर्टासाठीच. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची केबल थेट त्यात बसते. डब्याने पावसाची नोंद घ्यायची आणि इंटरनेटवरच्या सर्व्हरला पाठवायची, एवढंच काम. अडचण अशी की डब्यातलं ओपनएसएसएल, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित बोलणं करून देणारी लायब्ररी, इतकं जुनं होतं की आजचे सर्व्हर त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हते. म्हणून माझ्या लॅपटॉपवर, एका नव्या लिनक्स वितरणाच्या ३२-बिट वातावरणात, मी आमचा छोटा प्रोग्रॅम नव्या ओपनएसएसएलसकट कंपाइल केला. लॅपटॉपवर तो छान चालला. भाचीने तो पेन ड्राइव्हवरून डब्यात नेला आणि पडद्यावर दोनच शब्द उमटले: 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'.

चोरीचा इथे काही संबंध नाही. आणि 'जुना झाला, आता त्याला झेपत नाही' हे शेजारच्या काकांचं निदानही चूक. जुनी चिप थकत नाही. कारखान्यातून निघताना ती सेकंदाला ५० कोटी ठोके मोजत होती, आजही तेवढेच मोजते. 'संगणक तरुण करणारं' म्हणून विकलं जाणारं बूस्टर सॉफ्टवेअर त्यात एकाही ठोक्याची भर घालू शकत नाही. उलट स्वतःच मेमरी अडवून बसतं, त्यासाठी कुणी पैसे मोजू नयेत. काकांचा दुसरा तर्क, खरेदी अमावास्येला झाली हा, तर सोडूनच देऊ. झेपत नाही म्हणून अडलेला संगणक हळू चालतो. आमचा डबा एका क्षणात, ठाम नकार देऊन थांबला होता. भाषेचा प्रश्न असला की असं होतं.

आपण लिहितो तो प्रोग्रॅम म्हणजे मजकूर. कंपायलर त्याचे बाइट बनवतो आणि प्रोसेसर ते बाइट ओळीने वाचतो. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत एक आज्ञा एका बाइटची असते किंवा थेट पंधरा बाइटांचीही. प्रोसेसर पहिला बाइट वाचतो आणि आपल्या तक्त्यात बघतो. (बाइट दोन चिन्हांनी लिहितात, ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांतून.) तो बाइट '०एफ' असला, तर त्याचा अर्थ 'तक्त्याचं दुसरं पान उघड आणि पुढच्या बाइटचा अर्थ तिथे शोध'. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाढत गेलेल्या आज्ञा मुख्यतः या दुसऱ्या पानावर आणि त्यापुढच्या पानांवर आल्या. जुन्या चिपमध्ये त्या पानावरची काही घरं रिकामी असतात. रिकामं घर लागलं की प्रोसेसर अंदाज बांधत नाही. तो हातातलं काम ठेवून अपवाद क्रमांक ६ पुकारतो, अपवाद म्हणजे अडल्याची वर्दी. ताबा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, कर्नलकडे जातो, कर्नल त्या प्रोग्रॅमला सिग्नल क्रमांक ४ पाठवतो आणि प्रोग्रॅम संपतो. या सिग्नलचंच नाव 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. मराठीत त्याला 'अनोळखी आज्ञा' म्हटलं असतं तर भाचीला फोन करावा लागला नसता.

मग अनोळखी आज्ञा नेमकी कोणती? घरी पोहोचल्यावर आम्ही कर्नलचा संदेश काढला. कुठल्या पत्त्यावर प्रोग्रॅम मेला ते त्यात असतं. मग ऑब्जडंप हे साधन चालवून त्या पत्त्यावरचे बाइट बघितले. चार बाइट: एफ३, ०एफ, १ई, एफबी.

ही आज्ञा काय करते? आमच्या त्या ३२-बिट प्रोग्रॅमसाठी, अगदी माझ्या लॅपटॉपवरही, काहीच नाही. अक्षरशः काही नाही. माझा जीव जडला आहे तो याच गोष्टीवर, तेव्हा इथे थोडं थांबतो.

काही न करणाऱ्या आज्ञेला नॉप म्हणतात. सगळ्यात जुना नॉप एका बाइटचा, '९०'. त्याचा मूळ अर्थ 'ईएएक्स या कप्प्यातली संख्या ईएएक्समधल्या संख्येशी बदल', म्हणजे स्वतःची स्वतःशीच अदलाबदल. अशी आज्ञा लागते कशाला? तबल्याचे बोल लिहिताना आपण 'धा ऽ' असं लिहितो. ती ऽ रिकामी मात्रा, पण ती नसेल तर पुढचा बोल जागेवर पडत नाही. प्रोसेसर मेमरीतून आज्ञा उचलतो त्या बहुधा सोळा-सोळा बाइटांच्या घासांनी. हजारो वेळा फिरणाऱ्या लूपची सुरुवात घासाच्या मधेच आली, तर दर फेरीत एक घास अर्धा वाया. म्हणून कंपायलर लूपची सुरुवात सोळाच्या पटीत नेऊन ठेवतो आणि मधली फट नॉपने भरतो.

आता फट नऊ बाइटांची असली तर? नऊ वेळा '९०' लिहिलं की प्रोसेसरला नऊ आज्ञा वाचाव्या लागतात आणि नऊ वेळा काही करायचं नसतं. त्यापेक्षा नऊ बाइट लांबीची एकच रिकामी आज्ञा बरी, जणू नऊ मात्रांसाठी मिळून एकच अवग्रह. इंटेलने १९९५च्या पेंटियम प्रोमध्ये अशी सोय ठेवली. दुसऱ्या पानावर '१एफ' या घरात तिला जागा दिली, मागे गरजेप्रमाणे काही फुकट बाइट लावा. हा लांब नॉप. कागदोपत्री त्याची उघड नोंद मात्र बऱ्याच काळाने झाली.

जिओडचा वंश वेगळा आहे. सायरिक्स कंपनीच्या मीडियाजीएक्स या चिपपासून तो सुरू होतो. पुढे नॅशनल सेमिकंडक्टरने सायरिक्स घेतली, २००३ साली जिओड एएमडीकडे आली आणि २००५मध्ये एलएक्स निघाली. पेंटियम प्रोच्या बहुतेक नव्या आज्ञा तिला येतात. एन्क्रिप्शनसाठी वेगळं यंत्रणाखंडही तिच्यात आहे, त्या काळी महागड्या प्रोसेसरांतही ते नसायचं. पण '०एफ' पानावरचं ते रिकाम्या आज्ञांचं घर तिच्या तक्त्यात कुणी भरलंच नाही. शिवाय प्रोसेसरला 'तुला अमुक येतं का?' असं विचारायची सीपीयूआयडी नावाची आज्ञा आहे, तिच्या उत्तरात लांब नॉपसाठी एकही खूण ठेवलेली नाही. प्रोग्रॅमला विचारायचं असलं तरी विचारता येत नाही.

आमच्या डब्यात सापडलेली चार बाइटांची आज्ञा लांब नॉपच्याच शेजारच्या घरातली, '१ई'. तिचं नाव एंडबीआर३२. हल्लेखोर प्रोग्रॅमला फसवून भलत्याच ठिकाणी उडी मारायला लावतात. त्याला आळा म्हणून इंटेलने योजना काढली की उडी जिथे उतरणं वैध आहे तिथेच ही खूण असावी. खूण नसलेल्या जागी उडी पडली की नवा प्रोसेसर प्रोग्रॅम थांबवतो. जुन्या प्रोसेसरांवर हाच प्रोग्रॅम चालावा म्हणून खुणेचे बाइट मुद्दाम नॉपच्या घरातून निवडले. जुन्यांनी ती रिकामी मात्रा समजून पुढे जावं हा हेतू. योजना हुशारीची आहे. फक्त जिओडसारख्या चिपना ते घरच माहीत नाही. आणि लिनक्सवरच्या ३२-बिट प्रोग्रॅमना या खुणांचं संरक्षण मिळतच नाही. म्हणजे प्रत्येक फंक्शनच्या दारात चार बाइट, ज्यांचा फायदा कुणालाही नाही आणि ज्यांच्यामुळे एक अख्खी चिप बाहेर.

हा प्रश्न फक्त माझ्या डब्याचा नाही. मुलांसाठीचा तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप आठवत असेल, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पातला. २००७ साली महाराष्ट्रातल्या खैरात धनगरवाडा या छोट्या वस्तीच्या शाळेत तो आला होता. त्याच्या आतही जिओडच होती, ४३३ मेगाहर्ट्‌झची. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या १२व्या आवृत्तीने लांब नॉप सक्तीचा केला आणि सूचनेत जिओडचं नाव घेऊन निरोप दिला. ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नलच राहिलं नाही. त्यांचा निर्णय मला समजतो. चाचणीला यंत्रं नाहीत, माणसं स्वयंसेवक आहेत. पण तयार बाइट मिळणं बंद झालं तरी मूळ मजकूर खुला आहे, आणि मजकुरातून बाइट पुन्हा बनवता येतात. ओपन सोर्सचा मला सगळ्यात मोठा वाटणारा उपयोग हाच.

कंपायलरला लक्ष्य सांगता येतं. जीसीसी या खुल्या कंपायलरला 'मार्च' असा पर्याय देतात, म्हणजे मशीन आर्किटेक्चर, आणि त्यात 'जिओड' हे नाव आजही आहे. खुणा नकोत यासाठी 'एफ-सीएफ-प्रोटेक्शन' हा पर्याय बंद करायचा. लूपआधीची फट लांब नॉपशिवाय भरायची जुनी युक्तीही असेंब्लरला, म्हणजे आज्ञांचे प्रत्यक्ष बाइट लिहिणाऱ्या साधनाला, येते. तो '८डी ७६ ००' असे तीन बाइट टाकतो, म्हणजे 'ईएसआय कप्प्यातला पत्ता ईएसआयमध्येच ठेव'. हे १९८५च्या ३८६लाही समजतं.

भाचीने 'नमस्कार' छापणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, दोन्ही पर्याय दिले, कंपाइल केला. डब्यात पुन्हा तेच दोन शब्द.

इथे पुष्कळ लोक हात टेकतात. कारण पाच ओळींचा प्रोग्रॅम पाच ओळींचा नसतोच. लिंकर त्याला सुरुवातीचा तुकडा जोडतो, सी लायब्ररीतून छापायचं फंक्शन जोडतो, कंपायलरची स्वतःची मदतनीस लायब्ररी जोडतो. हे सगळं वितरणाने आधीच बांधून ठेवलेलं असतं, खुणांसकट. आमच्या पाच ओळी स्वच्छ होत्या, पण मेन फंक्शनपर्यंत पोहोचण्याआधीच प्रोग्रॅम मेला होता. म्हणजे लायब्ररी नव्याने बांधायला हवी, ती बांधायला त्या लक्ष्याचा कंपायलर हवा, आणि पुरता कंपायलर बांधायला लायब्ररी हवी. आधी बीज की आधी झाड, तशी गाठ. ती सोडवतात अशी: आधी असेंब्लर आणि लिंकर, मग लायब्ररीविना चालणारा अर्धा जीसीसी, त्याने सी लायब्ररी, मग त्या लायब्ररीवर पूर्ण जीसीसी. जुन्याच यंत्रावर कंपायलर बांधायचा तर आणखी पायऱ्या लागतात. जीसीसी ४.८पासून जीसीसी स्वतःच सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, आणि ११व्या आवृत्तीपासून त्याला सी प्लस प्लसची २०११ची किंवा त्याहून नवी बोली कळणारा कंपायलर लागतो. केवळ सीचा कंपायलर हाताशी असेल तर आधी ४.७ बांधायचा, त्याने मधला एखादा, मग त्याने नवा.

आम्ही तो जिना चढलो नाही. २५६ एमबीत लिंकर गुदमरतो, म्हणून बांधकाम लॅपटॉपवरच केलं, बिल्डरूट या प्रकल्पाच्या मदतीने. त्याच्या यादीत प्रोसेसर म्हणून जिओड निवडता येतो, वरची सगळी साखळी तो स्वतः बांधतो. लॅपटॉपवर बांधताना एक सापळा मात्र टाळायचा. 'मार्च'ला 'नेटिव्ह' असं उत्तर दिलं, तर कंपायलर बांधणाऱ्या यंत्राचा प्रोसेसर बघतो, चालवणाऱ्याचा नाही. सी लायब्ररी म्हणून मसल घेतली. ती आटोपशीर आहे, आणि २०२०च्या १.२ आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांवरही वेळ ६४ बिटांत मोजते. नाहीतर १९ जानेवारी २०३८ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की पुढच्याच सेकंदाला डब्याने पावसाची तारीख १९०१ लिहिली असती.

रात्रीची जेवणं होऊन भांडी घासून झाली तेव्हा बांधकाम संपलं. भाचीने आधी ऑब्जडंपच्या यादीत एंडबीआर शोधला. शून्य. मग लांब नॉप शोधला. तोही शून्य. पेन ड्राइव्ह डब्यात गेला, 'नमस्कार' उमटला. त्यामागून आमचा प्रोग्रॅम, नव्या ओपनएसएसएलसकट. सर्व्हरने पहिली नोंद घेतली: पाऊस ० मिलिमीटर.

मी झोपायला निघालो तरी ती बसूनच होती. 'नमस्कार' छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिने आणखी एक छापायची ओळ टाकली होती, आणि दोन ओळींच्या मध्ये हाताने चार बाइट: एफ३, ०एफ, १ई, एफबी. लॅपटॉपवर दोन्ही ओळी उमटल्या. डब्यात पहिलीच उमटली.

"मामा, बघ," ती म्हणाली. "बरोब्बर तिथेच थांबला."