टाऊन की व्हिलेज? हेरेफर्डशायरमधला गोंधळ

इथे इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात एक चूक केली, घरमालकीणबाईंना म्हणलं की तुमचं हे व्हिलेज फार छान आहे हो. बाई किटलीत पाणी भरत होत्या, त्यांनी नळ बंद केला, माझ्याकडे वळल्या आणि अगदी हसून पण ठामपणे म्हणाल्या, व्हिलेज नाही, टाऊन. किंग्टन इज अ टाऊन. मी खिडकीबाहेर बघितलं, एक मुख्य रस्ता, त्यावर चार दुकानं, मागे डोंगर आणि डोंगरावर मेंढ्या. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला टाऊन म्हणलं तर लोक हसतील.

आधी एक सांगून टाकते, हे हेरेफर्डशायर, लंडनजवळचं हर्टफर्डशायर नव्हे. आमच्या घरच्यांनी दोनदा तिकडचाच नकाशा बघून "अगं मग लंडन जवळच की तुला" असं म्हणून झालंय. हर्टफर्डशायरमध्ये बारा लाख लोक दाटीवाटीने राहतात आणि आमचं हेरेफर्डशायर त्याच्यापेक्षा आकाराने मोठं असून २०२१च्या जनगणनेत जेमतेम १ लाख ८७ हजार. पश्चिमेला वेल्सची हद्द, बाकी सफरचंदाच्या बागा, सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई. असो.

तर मुद्दा टाऊन आणि व्हिलेजचा. मराठीत आपण दोन्हीला गाव म्हणून मोकळे होतो त्यामुळे फरक कळायला वेळ लागतो, आणि कळायला लागला की वाटतं हा तर डोकेदुखीचा प्रकार आहे. आपल्या जनगणनेत निदान हिशोब आहे, पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरचे, एवढं जमलं की ते शहरी. इथे बोलीभाषेतल्या टाऊनला असा आकडाच नाही. उलट सरकारी आकडेवारीत बरीच वर्षं दहा हजारांखालची सगळी वस्ती ग्रामीणच धरायचे, म्हणजे आमचं किंग्टन कागदावर ग्रामीण आणि लोकांच्या तोंडी टाऊन, दोन्ही एकाच वेळी.

मग टाऊन ठरतं कशावरून? बाजारावरून. मध्ययुगात आठवडी बाजार भरवायचा तर राजाची सनद लागायची, ती ज्या जमीनदाराने मिळवली त्याच्या गावात आजूबाजूच्या खेड्यांचं धान्य, लोकर, जनावरं यायची, मग तिथे कारागीर, खाणावळी, वकील असं सगळं साचत जायचं. आपल्या जुन्या कागदपत्रांत कसबा आणि मौजे असा भेद असायचा ना, कसबा म्हणजे बाजारपेठेचं गाव आणि मौजे म्हणजे शेतकऱ्यांचं साधं गाव, साधारण तसंच. हेरेफर्डशायरमध्ये असे पाच कसबे आहेत, लेमिन्स्टर (लिहितात लांबलचक पण म्हणायचं लेमस्टर), रॉस-ऑन-वाय, लेडबरी, ब्रॉमयार्ड आणि आमचं किंग्टन. मधोमध हेरेफर्ड, ते सिटी, तिथे कॅथेड्रल आहे आणि १३०० सालच्या सुमाराचा चामड्यावर काढलेला जगाचा मोठा नकाशाही, पण तो विषय वेगळा.

लेडबरीला गेलं की बाजार ही काय चीज होती ते डोळ्यांना दिसतं. मेन रोडवरच एक काळी पांढरी इमारत लाकडाच्या सोळा खांबांवर उभी आहे, बांधायला घेतली १६१७ला, वर खोली आणि खाली सगळं मोकळं, म्हणजे पावसात भिजायला नको म्हणून विक्रेते खाली बसायचे. मी गेले तेव्हाही खाली टेबलं मांडलेली होती, एकजण चीज विकत होता आणि एक आजी हाताने विणलेले मोजे. खांबाला हात लावला तर लाकूड दगडासारखं टणक, भेगांमध्ये बोट जाईल एवढ्या. बाजूची दुकानं रस्त्याकडे तोंडाला अगदी चिंचोळी आणि मागे लांबच लांब, पेठेतल्या वाड्यांसारखी. बाजाराच्या रस्त्यावर तोंड सगळ्यांनाच हवं असायचं म्हणून प्लॉटच तसे पाडलेले. कुठल्याही गावात असे प्लॉट दिसले की समजायचं इथे कधीतरी कोणीतरी टाऊन वसवायचा प्रयत्न केला होता.

कधीतरी म्हणते कारण पुढे खरी गंमत आहे. पेंब्रिजला १२३९मध्ये बाजाराची सनद मिळाली, बाजाराचा लाकडी मंडप आजही हॉटेलच्या मागच्या अंगाला आहे, आठ खांबांचा, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे लेडबरीपेक्षाही जुना. पण पेंब्रिज आज व्हिलेज. बाजार हळूहळू आटला, मंडप राहिला. त्याच्या खाली मी एकटी उभी होते, बाहेर पाऊस, आत दोन बाकं आणि एक ओला कुत्रा, विकणारं कोणी नाही. चर्चचा घंटाघर म्हणून जो मनोरा आहे तोही चर्चपासून वेगळा उभा, लाकडी, शंकराच्या जुन्या देवळासारखा पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळता होत जाणारा, तो बघायला तरी जाच.

वेब्लीचं (स्पेलिंगच्या नादी लागू नका) तर याहून भारी. आज ते काळ्यापांढऱ्या घरांसाठी फोटो काढायचं व्हिलेज आहे पण १६२८ ते १८३२ वेब्लीतून पार्लमेंटमध्ये चक्क दोन खासदार जायचे. त्याच काळात गिरण्यांनी फुगलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता! वेब्लीची मतं जवळजवळ एका बड्या जमीनदार घराण्याच्या खिशात, म्हणून तर १८३२च्या सुधारणा कायद्यात हा मतदारसंघ काढूनच टाकला. म्हणजे एकेकाळी कागदावर बरो, म्हणजे स्वतःचे खासदार पाठवणारं गाव, आज व्हिलेज.

उलटं पण होऊ शकतं बरं का. १९७२च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टमध्ये सोय आहे की पॅरिश कौन्सिलने, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी जी असते तिने, ठराव करायचा की आजपासून आम्ही टाऊन. झालं, कौन्सिलचं नाव टाऊन कौन्सिल आणि अध्यक्षाला म्हणायचं टाऊन मेयर. अधिकार तेच, पैसे तेवढेच, आपल्याकडे नगरपंचायत झाली की कसं सगळं बदलतं तसं काही नाही. मला तर हे लग्नात फेटा बांधल्यासारखं वाटतं, माणूस तोच.

नावावरून ओळखायला जाल तर हमखास फसाल. इथे मच मार्कल आणि लिटल मार्कल, मच बर्च आणि लिटल बर्च, मच ड्यूचर्च आणि लिटल ड्यूचर्च अशा जोड्या आहेत, मच म्हणजे जुन्या इंग्रजीत मोठं, म्हणजे सरळसरळ बुद्रुक आणि खुर्द! मला हे कळलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले. पण मच लागलं म्हणून टाऊन नाही होत, मच मार्कलमध्ये १८८०पासून सायडरचा केवढा मोठा कारखाना आहे तरी ते व्हिलेजच.

आणि चर्चवरून? जुनी समजूत अशी की चर्च असेल तर व्हिलेज, नसेल तर हॅम्लेट, म्हणजे आपली वाडी. किल्पेक बघा, मूठभर घरं, पण ११४०च्या सुमाराचं लाल दगडाचं चर्च, दारावर साप, पक्षी, वेली अशी कोरीव कामं की तासभर मान वर करून बघावं. घरं मोजली तर वाडी, चर्च बघितलं तर व्हिलेज.

सोयींवरून ठरवायचं म्हणाल तर तेही नाही जमत. अख्ख्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी जी असते तिच्यात, रेल्वे स्टेशनं फक्त चार, हेरेफर्ड, लेमस्टर, लेडबरी आणि चौथं कॉलवॉल. कॉलवॉल हे मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याचं व्हिलेज, वस्ती आमच्यापेक्षा फार वेगळी नाही. रॉस, ब्रॉमयार्ड, किंग्टन ही तीन टाऊनं मात्र स्टेशनाविना, आमच्याकडची प्रवासी गाडी तर १९५५लाच बंद झाली. म्हणजे मला ट्रेन पकडायची तर आधी हेरेफर्डपर्यंत बस, आणि बस चुकली की स्टॉपवर बसून डोंगर बघत बसायचं.

हे सगळं मी परवा आईला फोनवर समजावलं, सनद, बाजार, मेयर, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बाकी जाऊ दे, तुझ्याकडे स्टेशन आहे का? म्हणलं नाही. आणि त्या कॉल का काय त्याला? म्हणलं आहे.

"मग तू खेड्यातच राहतेस गं बाई," आणि फोन बाबांकडे दिला.