पार्श्वभूमी : सात पुतळे आणि उशिरा आलेली पट्टी

लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या, ब्रिटनच्या बाँबफेकी विमानदलाच्या स्मारकाचं अनावरण २८ जून २०१२ रोजी झालं. दुसरं महायुद्ध संपून तोवर ६७ वर्षं उलटली होती. आत ब्राँझचे सात पुतळे आहेत, प्रत्येक सुमारे नऊ फुटी. लँकेस्टर या बाँबफेकी विमानात एरवी सातच जण असत: वैमानिक, इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बाँब सोडणारा, वायरलेसवाला आणि दोन मशीनगनवाले. शिल्पकाराने त्यांना लढताना दाखवलेलं नाही. मोहिमेवरून आत्ताच उतरलेत, अंगावरचा जामानिमाही तसाच आहे. छतासाठी वापरलेलं अ‍ॅल्युमिनियम मे १९४४ मध्ये बेल्जियममध्ये कोसळलेल्या एका हॅलिफॅक्स बाँबफेकी विमानाचं. १९९७ मध्ये दलदलीतून ते विमान उकरून काढलं, तेव्हा तिघांचे अवशेष आतच सापडले होते.

सुमारे सव्वा लाख उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ जण गेले. तरी स्मारक रखडलं, कारण त्यांनी टाकलेले बाँब शहरांवर पडले होते. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचं, त्यातही कामगारांचं, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवलं होतं. जानेवारी १९४५ मध्ये पूर्व जर्मनीतल्या शहरांवरच्या हल्ल्यांसाठी पंतप्रधान चर्चिल यांनीच तगादा लावला. फेब्रुवारीत ड्रेस्डेन जळालं, सुमारे २५ हजार माणसं मेली आणि मार्चच्या टिपणात हेच गृहस्थ अंग काढून घेताना दिसतात. हुकूम वरून आले, बोल मात्र विमानातल्या विशीतल्या पोरांनी खाल्ले.

पदकांचा घोळ याहून किचकट. ‘त्यांना पदकच मिळालं नाही’ असं सर्रास लिहिलं जातं, ते अर्धसत्य आहे. पात्र ठरलेल्यांना १९३९-४५ ची तारका, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, मिळाली. ५ जून १९४४ पर्यंत युरोपवर उडालेल्यांसाठी वेगळी तारका होती, त्यानंतरच्या मोहिमांसाठी आणखी एक. पण त्या इतर विमानदलांतल्यांनाही मिळत. केवळ बाँबफेक्यांचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. उलट, १९४० मध्ये ब्रिटनचं आकाश राखणाऱ्या लढाऊ वैमानिकांना १९३९-४५ च्या तारकेच्या फितीवर लावायची खास पट्टी युद्ध संपतानाच देण्यात आली. म्हणजे अशी पट्टी देता येत नव्हती, हा बचाव टिकत नाही. जमिनीवर रात्रभर इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांच्या वाट्याला तर मायदेशात सेवा करणाऱ्या कुणालाही मिळणारं संरक्षण पदक आलं. त्यांच्यासाठी मोहिमेचं पदक द्या, असा आग्रह दलाच्या प्रमुखांनी धरला होता, तो फेटाळला गेला.

स्मारकाच्या आराखड्यावर ड्रेस्डेनमधून आक्षेप आले. आता स्मारकावरच्या मजकुरात १९३९-४५ च्या बाँबफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे.

बाँबफेक्यांची पट्टी २०१३ मध्ये आली. तीही फक्त उडालेल्यांना, जमिनीवरच्यांना नाही.